धरावं आणि सोडावंही

रसायनशास्त्र म्हटलं की काचेच्या नळ्या आणि धूर डोळ्यांपुढे येतो. आज मात्र त्यातला बराच भाग संगणकावर घडतो. तिथे नळी नाही, धूर नाही. आहे फक्त गणित.

प्रश्न मात्र धुराचाच. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. धुराड्यातून निघणारा हा वायू हवेत मिसळण्याआधी पकडायचा, तर जाळं कशाचं विणायचं?

२००४ साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचे, चिकटपट्टीने पापुद्रे काढत एका अणूच्या जाडीचा थर मिळवला. हेच ग्राफीन. २०१० मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अशा द्विमितीय पदार्थात जवळजवळ सारे अणू पृष्ठभागावरच असतात. वायूला टेकायला जागाच जागा!

पण जागा असून भागत नाही. पकड सैल असेल तर रेणू निसटतो. फार घट्ट असेल तर सुटत नाही. सोडवायला तापवावं, तर पुन्हा इंधन जाळणं आलं.

ही पकड संगणक मोजतो. त्याची पद्धत वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये मांडली. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढत बसायचं नाही. ते कुठे किती दाट आहेत, यावरून ऊर्जा काढायची. आधी थराची आणि रेणूची वेगवेगळी, मग दोघांची एकत्र. फरक निघेल, ते पकडीचं बळ. कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असंच गणित बोरॉन नायट्राइडवर मांडलं. एरवी त्याची पकड दुबळी. जादा इलेक्ट्रॉन दिले की ती घट्ट होते. काढून घेतले की वायू आपोआप सुटतो. तापवण्याची गरजच नाही!

मेख इतकीच की बोरॉन नायट्राइड विजेचा दुर्वाहक आहे. त्यात इलेक्ट्रॉन भरणं सोपं नाही. शिवाय खऱ्या धुरात वाफ असते, नायट्रोजन असतो. म्हणून संगणकाचं उत्तर हा निकाल नव्हे. हजार पदार्थांतून कोणते दहा आधी तपासावेत, एवढं तो सांगतो, आणि त्यात वर्षं वाचतात.

पकडलेल्या वायूपासून मिथेनॉलसारखं इंधनही करता येतं. त्याला हायड्रोजन लागतो, ऊर्जा लागते. ती कोळसा जाळून आणली, तर एका दाराने घालवलेला धूर दुसऱ्या दाराने घरात येईल. हा हिशेब मात्र संगणकाने नव्हे, आपणच मांडायचा आहे.