स्पीकरची वायर आणि ओहमचा हिशेब

ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये असतात फक्त दोन वायरी, आणि त्यांतून वाहतो काही व्होल्टचा, सतत उलटसुलट होणारा प्रवाह. एवढ्या साध्या गोष्टीभोवती समजुतींचं केवढं रान माजलं आहे! त्यातलं वाईट हे, की ज्या गोष्टींवर लोक हजारो रुपये खर्च करतात त्यांनी आवाजात फरक पडत नाही, आणि ज्यांनी ॲम्प्लिफायर जळतो त्यांची चौकशीही कुणी करत नाही. म्हणून हा लेख.

‘वायर जितकी महाग, तितका आवाज खुलतो’

वायरीचा आवाजावर परिणाम होऊ शकतो, हे खरं. पण तो किमतीमुळे होत नाही, रोधामुळे होतो, आणि रोध मोजता येतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण 0.017 ओहम असतो. स्पीकर पाच मीटर लांब असेल, तर प्रवाह पाच मीटर जातो आणि पाच मीटर परततो. म्हणजे दहा मीटर तांबं, 0.17 ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ही भर इतकी किरकोळ, की आवाज जेमतेम 0.2 डेसिबलनं उतरतो. कुठल्याही कानाला ते जाणवणार नाही.

आता तीच जोडणी टेलिफोनच्या बारीक वायरीनं करून बघा. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तारेत दहा मीटरमागे 0.9 ओहमच्या आसपास रोध येतो. आवाज थोडा कमी झाला, हे त्यातलं मोठं दुखणं नव्हे. व्हॉल्यूम वाढवला की ते भरून निघतं. खरं दुखणं वेगळं आहे. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा त्याचा एकूण विरोध, खालच्या सुरांना वेगळा आणि वरच्या सुरांना वेगळा असतो. एकाच स्पीकरमध्ये तो कुठे 4 ओहम असतो, तर कुठे 20. जिथे 4 असतो तिथे ही बारीक वायर पावणेदोन डेसिबल खाते, जिथे 20 असतो तिथे अर्धाही खात नाही. सुरांचा आपसांतला तोलच बिघडतो, आणि तो बिघाड मात्र ऐकू येतो.

अमेरिकेतल्या मॅकिन्टॉश कंपनीसाठी स्पीकर घडवणारे रॉजर रसेल यांनी यावर सोपा नियम दिला होता: वायरीचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा. आठ ओहमला 0.4, चार ओहमला 0.2. या हिशेबानं घरातल्या दिवाणखान्यात 1.5 चौरस मिलिमीटरची वायर सहज चालते आणि 2.5 ची पुरून उरते. घराच्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते तीच बहुतारी तांब्याची वायर घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मिळायला अडचण नाही. माझं मत स्पष्ट आहे: वायरीवर वाचवलेले पैसे स्पीकरवर घाला, फरक पहिल्याच रेकॉर्डला कळेल.

एका बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. बाजारात तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही ‘स्पीकर वायर’ म्हणून विकली जाते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि टर्मिनलमध्ये आवळताना तिच्या तारा पटकन तुटतात. एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली, तर ॲल्युमिनियम. कथिलाचा थर दिलेल्या तांब्याच्या तारेत याच्या नेमकं उलट दिसतं: वरून पांढरी, आतून तांबूस. ती चांगली.

डाव्या-उजव्या वायरी तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात, असंही सांगितलं जातं. नाहीतर म्हणे एका स्पीकरचा आवाज आधी पोचतो. वायरीत संकेताला एक मीटर जायला सुमारे 5 नॅनोसेकंद लागतात. वायरींत पाच मीटरचा फरक असला तरी उशीर 25 नॅनोसेकंदांचा, आणि तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून एका मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा कापत नाही. तुम्ही खुर्चीत मान जराशी कलती केलीत, तरी याच्या हजारो पट फरक पडतो. तेव्हा जवळच्या स्पीकरला आखूड वायर लावा, उरलेल्या वायरीची भेंडोळी कपाटामागे कोंबू नका.

‘आणखी दोन स्पीकर लावले की ॲम्प्लिफायरचं काम वाटलं जातं’

ॲम्प्लिफायर खरोखर मरतात ते इथे. ओहमचा आकडा कमी म्हणजे भार कमी, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे. ॲम्प्लिफायर आपल्या टोकांवर व्होल्टेज देतो. त्याच्यातून प्रवाह किती ओढायचा, हे स्पीकर ठरवतो. 20 व्होल्ट दिले, तर 8 ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर ओढतो, 4 ओहमचा पाच, आणि 2 ओहमचा दहा. हा सगळा प्रवाह आतल्या ट्रान्झिस्टरांतून जातो आणि त्यांना तापवतो.

बाहेरच्या खोलीतल्या जोडीला आतल्या खोलीतली जोडी समांतर जोडली, की 8 आणि 8 मिळून 4 ओहम होतात. दोन्ही जोड्या 4 ओहमच्या असतील, तर 2. बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर 2 ओहमसाठी बनवलेलेच नसतात. हळू आवाजात काही जाणवत नाही. घरी पाहुणे येतात, आवाज वाढतो आणि ॲम्प्लिफायर बंद पडतो. नशीब चांगलं असेल तर संरक्षण-मंडल त्याला वाचवतं.

‘ए’ आणि ‘बी’ अशी स्पीकर-निवडीची बटणं असलेल्या ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे याची सूचना छापलेली असते. एकाच जोडीसाठी किमान 4 ओहम आणि दोन्ही एकदम चालू असतील तर किमान 8, असं लिहिलेलं दिसलं, की समजावं: आतली जोडणी समांतर आहे. ही बारीक अक्षरं टॉर्च लावून वाचण्याजोगी आहेत.

मग एकसर जोडणी करावी का? त्यात 8 आणि 8 चे 16 होतात, ॲम्प्लिफायर सुरक्षित राहतो. पण दोन वेगळ्या बनावटीचे स्पीकर एकसर जोडले, तर एकाचा बदलता इम्पीडन्स दुसऱ्याच्या वाट्याचं व्होल्टेज सुरागणिक बदलत राहतो, आणि दोघांचाही आवाज बिघडतो. अगदी सारखे स्पीकर असतील तरच हा मार्ग धरावा. चार सारखे 8 ओहमचे स्पीकर असतील, तर दोन-दोन एकसर जोडून त्या जोड्या समांतर लावाव्यात. एकूण पुन्हा 8 ओहमच मिळतात.

स्पीकरमागे छापलेला ‘8 ओहम’ हा आकडाही नाममात्र असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे इम्पीडन्स कुठेही नाममात्र आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे 8 च्या स्पीकरचा 6.4 च्या खाली नको. प्रत्यक्षात 8 छापलेले आणि काही सुरांवर 4 च्या आसपास उतरणारे स्पीकर पुष्कळ आहेत. म्हणून माहितीपत्रकात ‘किमान इम्पीडन्स’ शोधा.

सभा-समारंभातला ॲम्प्लिफायर घरी आणून वापरणारेही असतात. त्याच्या मागे 4, 8, 16 ओहमच्या टोकांबरोबर ‘100 व्होल्ट’ असंही एक टोक असतं. ते लांबवरच्या भोंग्यांसाठी आहे. त्या प्रत्येक भोंग्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरातला 8 ओहमचा स्पीकर त्या टोकाला लावला, तर पूर्ण आवाजात त्याची मागणी हिशेबानं 1250 वॉटची होते. स्पीकरची कॉइल तोवर टिकत नाही.

‘काळी टर्मिनलं सगळी एकच, तीन वायरीत काम होतं’

भिंतीतून वायर न्यायची असली की ही युक्ती हमखास सुचवली जाते: डाव्याचं लाल, उजव्याचं लाल आणि दोघांचं मिळून एक काळं. जुन्या पद्धतीच्या अनेक ॲम्प्लिफायरमध्ये दोन्ही काळी टोकं खरोखरच आतून जोडलेली असत, त्यामुळे ते निभावून जाई. आज स्वस्त, लहान आणि थंड चालणारे क्लास-डी ॲम्प्लिफायर घरोघरी आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए3116 सारख्या चिपवर बांधलेल्या छोट्या सर्किट बोर्डांवर काळं टोक जमिनीला जोडलेलं नसतं. लाल जेव्हा वर जातं तेव्हा काळं तितकंच खाली जातं. अशी दोन काळी टोकं एकत्र बांधणं म्हणजे दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर सोडणं. त्यांना एकत्र बांधू नका, आणि कॅबिनेटच्या पत्र्यालाही टेकू देऊ नका. प्रत्येक स्पीकरला त्याच्या स्वतःच्या दोन वायरी, हा नियम कुठल्याच यंत्रावर चुकत नाही.

‘लाल-काळं उलटं झालं तर स्पीकर जळतो’

जळत नाही. दोन्ही स्पीकर उलटे जोडले गेले, तर सहसा कळतही नाही. एकच उलटा झाला, तर मात्र एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खोडतात. तबल्याची रेकॉर्ड लावा: डग्ग्याची घुमारी पातळ होते, चाट मात्र जवळजवळ तशीच राहते. मोनो मुद्रण लावलं, तर दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहायला हवा असा गायकाचा आवाज खोलीभर विखुरतो, त्याला जागाच राहत नाही. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं असंच ऐकलं जातं आणि दोष रेकॉर्डला दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण उपाय एका मिनिटाचा आणि फुकटचा आहे.

शंका असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरची वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: धन टोक लालला, ऋण काळ्याला. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर सरकायला हवा. जेबीएलच्या अनेक जुन्या स्पीकरमध्ये तो आत जातो, त्यात बिघाड नाही. दोन्ही स्पीकर सारखं वागतात ना, एवढंच पाहा.

‘मागे चार टर्मिनलं आहेत, म्हणजे दोन वायरी लावल्याच पाहिजेत’

अशा स्पीकरमध्ये वरच्या आणि खालच्या सुरांची टोकं वेगळी काढलेली असतात आणि धातूच्या पट्ट्यांनी जोडलेली असतात. एकाच ॲम्प्लिफायरपासून दोन वायरी आणल्या, तर ॲम्प्लिफायरच्या टोकाला त्या एकाच जागी मिळतात. जाड वायर लावल्यानं जे मिळालं असतं, त्यापेक्षा फारसं काही हाती लागत नाही. पट्ट्या काढून एकच जोडी लावली, तर अर्धा स्पीकर मुका राहतो. आणि दोन वेगळे ॲम्प्लिफायर लावणार असाल, तर पट्ट्या काढायला विसरू नका, नाहीतर त्या दोघांची टोकं एकमेकांना भिडतील.

दोन ॲम्प्लिफायरांचा खरा फायदा सुरांची वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच केली तर होतो. सीगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधल्या अभियंत्यांच्या नावानं ओळखलं जाणारं विभाजन 1976 मध्ये प्रसिद्ध झालं, आणि आजही ते या कामात वापरलं जातं.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल, तर एक भीती उलट्या बाजूनं बाळगा. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय चालू राहिला तर बिघडत नाही, त्याला शॉर्ट मारतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं उलटं: स्पीकर सुटलेला असताना गाणं चालू राहिलं, तर त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून इन्सुलेशन फुटू शकतं.

टोकाशी शेवटचं काम. सोन्याचा मुलामा दिलेल्या बनाना पिनांनी आवाज सुधारत नाही; सोनं गंजत नाही, एवढाच त्यांचा गुण. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या दमट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, तिथे तो गुण मोलाचा आहे. पिना नसतील तर वर्षातून एकदा वायरीचं टोक कापून, नवं सोलून, पीळ घालून आवळा. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला शिवू देऊ नका. आणि स्पीकरच्या वायरीला घरच्या विजेचा दोन पिनांचा टॉप कधीही लावू नका. मंडपांत ही सवय अजून दिसते. एखाद्या मुलानं तो टॉप भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला, तर 230 व्होल्ट स्पीकरमध्ये जातात आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला, उघड्या टर्मिनलवर, कुणाचा तरी हात असू शकतो.