हमालाच्या हातावरच्या शिरा

नांदेड किंवा लातूरच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाचा हात जवळून पाहा. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा टरारून फुगलेल्या असतात. अशा शिरेवर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त कोपराकडे सारा. मधला भाग रिकामाच राहतो, वरचं रक्त खाली उतरत नाही. शिरेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरण मांडताना हाच पुरावा दिला. किती साधा आणि किती सुंदर!

धमनीची भिंत जाड आणि लवचिक, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका तिला सोसायचा असतो. शिरा पातळ, शरीरातलं निम्म्याहून अधिक रक्त त्यांच्यातच सामावतं. दोघींना जोडणाऱ्या केशवाहिन्या इतक्या अरुंद, की तांबड्या पेशी एकामागे एक, अंग चोरूनच पुढे सरकतात.

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतली उष्णता रक्तासोबत वर येते, घाम वाळताना अंग निवतं. पण अंगात पाणी कमी असेल तर रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त अपुरं पडतं आणि भोवळ येते. अशा माणसाला लगेच उठवून बसवू नका. सावलीत आडवं निजवा, पाय उंच ठेवा, ओल्या फडक्याने अंग पुसा. पाणी पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाजा. तो बरळू लागला तर तडक दवाखाना गाठा.