परसातली मात्रा

कुंभकोणम्‌च्या वायव्येला, स्वामिमलैपासून जवळच, इन्नंबूर नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या शिवाचे नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरे जाणणारा नाथ. देवळाच्या हिशेबनिसावर चोळ राजाला संशय आला, तेव्हा स्वतः शिव त्या हिशेबनिसाचे रूप घेऊन दरबारात गेला आणि जमाखर्च चोख समजावून आला, अशी कथा सांगतात. म्हणून शाळेत घालायच्या आधी मुलांना इथे आणतात, बोलायला उशीर लागलेल्यांना तर आवर्जून. आणि त्याच मुलांना घरी बुद्धी वाढावी म्हणून वल्लारैची चटणी खाऊ घालतात. ही वल्लारै म्हणजे आपली मंडूकपर्णी. आपल्याकडे ती बिनदिक्कत ‘ब्राह्मी’ म्हणून विकली जाते आणि खरी जलब्राह्मीही त्याच नावाने. दोन निराळ्या कुळांतल्या वनस्पती एकाच पुडीत, हा घोळ पुढे पुन्हा येणार आहे.

कावेरीच्या या पट्ट्यात घरापुढे तिण्णै, म्हणजे ओटा, आणि घरामागे कोल्लै, म्हणजे परस. कोल्लैत केळ, कढीलिंब, हदगा, मोरी-विहिरीच्या ओलाव्याला वल्लारै, कुंपणाला अडुळसा. त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणही टिकते. काटेरी तूदुवळैचा वेल खोकल्याला रसमात घालायचा, कर्पूरवल्लीचे म्हणजे ओव्याच्या पानाचे लुसलुशीत पान सर्दीला. कडूजहर निलवेंबूचा काढा तर तमिळनाडू सरकारनेच डेंग्यूच्या साथींत सरकारी दवाखान्यांतून वाटला. ही यादी वाचताना कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला परके काही वाटत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे यातले बरेचसे आजीबरोबर गेले, आणि तिकडे ते अजून भाजीवालीच्या पाटीत मिळते.

या भागाशी मराठी माणसाचे नाते जुने. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले, आणि त्यांच्यामागून आलेली देशस्थ घराणी कुंभकोणम्‌ला कायमची रुजली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 साली कुंभकोणम्‌मध्येच जन्मले. पण आपल्या विषयाचा खरा नायक सरफोजीराजे दुसरे, कारकीर्द 1798 ते 1832. राज्य नावापुरते, सत्ता इंग्रजांची. मग या माणसाने उरलेला वेळ ग्रंथ, छापखाना, शरीरशास्त्र आणि औषधे यांत घातला. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करत. माणसांची औषधे होत, तशी जनावरांचीही. औषधी वनस्पतींची हातांनी रंगवलेली चित्रे काढून घेतली गेली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तर चित्रांसह सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. उतारा पडलेले नुसखे तमिळ पद्यांत बांधून घेतले, ते ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ्’ या नावाने रोगवार खंडांत छापले गेले.

मला या उद्योगात सर्वांत मोलाची वाटते ती नोंद. कुणाला काय दिले, किती दिले, पुढे काय झाले. घरगुती औषधांबद्दल आपण जे अभिमानाने बोलतो त्यात नेमकी हीच गोष्ट नसते. ‘चिमूटभर’ आणि ‘अंदाजाने’ यांवर आपला सगळा कारभार. सरफोजींनी अंदाजाला कागदावर आणले, आणि तेही तमिळ पद्यात, म्हणजे वैद्याला पाठ करता यावे असे.

औषधी झाड आणि मनावर अंमल करणारे झाड अशी सरळ वाटणी करायची आपली सवय आहे. परसात ती टिकत नाही. विड्याचे पानच घ्या. कुंभकोणम्‌चे वेत्रिलै प्रसिद्ध. 2025 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कावेरीकाठच्या मळ्यांत हा वेल हदग्याच्या झाडांवर चढवतात: हदगा भराभर वाढतो, सावली विरळ देतो, आणि त्याचा पालाही भाजीला होतो. एका जागेत दोन पिके. पान स्वतः निरुपद्रवी, पाचक, सुगंधी. पण पानासोबत सीवल, म्हणजे बारीक कातरलेली सुपारी, येते. सुपारीतले अरेकोलीन चुन्याच्या सोबतीने रक्तात उतरते, अंगाला ऊब येते, डोके हलके आणि जागे होते. जगात सर्वाधिक घेतल्या जाणाऱ्या अमली पदार्थांत सुपारीचा नंबर फार वरचा, आणि आपण ती लग्नपत्रिकेवर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूशिवायचा विडा आणि नुसती सुपारी, दोन्ही निश्चित कर्करोगकारक ठरवली. तेव्हा बाल्कनीत नागवेल जरूर लावावी. बदनाम ती नाही. तिला ऊन गाळून लागते आणि मुळाशी पाणी साचलेले चालत नाही, एवढे सांभाळले की झाले.

आता बाळगुटी. वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, हिरडा यांचे वेढे सहाणेवर उगाळून दुधातून चाटवायचे. तमिळ घरांत वेखंडाला वसंबु म्हणतात. दिव्याच्या ज्योतीवर जाळून त्याची काजळी बाळाला लावतात, उगाळून पाजतातही. वेखंडाच्या भारतीय वाणात बीटा-असारोन भरपूर असते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड अन्नात घालायला बंदी केली. जायफळाने बाळ झोपते, कारण जायफळ मेंदूवर काम करते. पुरणपोळीनंतरच्या दुपारच्या झोपेचे श्रेय आपण जायफळाला देतो. बहुतेक ते तुपाचे असावे. पण चवीपुरते जायफळ निराळे आणि चमच्याने घेतलेले निराळे. जास्त झाले की छातीत धडधड, घशाला कोरड, दिवसभर बधिरपणा आणि भ्रम. मग तान्ह्या बाळासाठी ‘एक वेढा जास्त’ म्हणजे नेमके किती, हे कुणी मोजले?

याच वाटेने अफू घरात आली होती. मुंबईच्या गिरण्यांत पाळी करणाऱ्या बाया तान्ह्याला ‘बाळागोळी’ देऊन कामाला जात. पाळणाघर नव्हते, रजा नव्हती. बाळ निजले तरच पगार. त्या बायांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या परसात तर खसखशीचे झाडही नव्हते, गोळी दुकानात मिळत होती.

धोत्रा मात्र खरोखर दारातलाच. गणपतीच्या एकवीस पत्रींत तो आहे, कण्हेर आहे, रुई आहे, तिन्ही विषारी. त्याच यादीत तुळस, माका, आघाडा, डोरली आणि अगस्ती, म्हणजे विड्याच्या मळ्यातला तोच हदगा. वर्षातून एकदा का होईना, मुलांना विषारी आणि औषधी पाने हातात देऊन ओळखायला लावणारी ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. बाजारातून दोरा बांधलेली आयती जुडी आणली की तीही गेली. धोत्र्याने माणूस बरळतो, बुबुळे मोठी होतात, अंग भाजते, वेळेला प्राण जातो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तिथे त्याची बाग होती. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादग्रंथात भांग, अफू, विडा आणि धोत्रा, सगळे आहेत. धोत्रा खाऊ घालून घरातल्या दासीला बेभान करायचे आणि दागिने लांबवायचे, हा चोरांचा प्रकारही त्याने नोंदवला आहे.

परसातून प्रयोगशाळेपर्यंत नीट पोचलेले उदाहरण पाहायचे तर सर्पगंधेचे. ‘वेडावरचे औषध’ म्हणून तिची मुळी गावोगाव दिली जात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझरपीन वेगळे काढले गेले, आणि मनोविकारांच्या औषधोपचाराला वळण मिळाले. पुढे हेही दिसले की काही रुग्णांना त्याच औषधाने खोल उदासी येते. सर्पगंधा कुंडीत लावणे शक्य आहे, देखणी दिसते; काढा करून पिण्याचे धाडस मात्र कुणी करू नये.

गांजाचे थोडक्यात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात शेंडा-मंजिरीशिवायची नुसती पाने आणि बी ‘गांजा’च्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांग उघड विकली जाते. याचा अर्थ घरी झाड लावायला मोकळीक असा नाही. परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग ते झाड शेतात असो की गच्चीवरच्या कुंडीत.

आणि गुळवेल. करोनाच्या काळात प्रत्येक सोसायटीच्या कुंपणावर तिचे कांडे चढले. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, त्यात तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गफलत झाली असावी हाही मुद्दा होता. मानू या की तसेच झाले. मग तो गुळवेलीचा बचाव झाला खरा, पण कांडे तोडून आणणाऱ्याचा नाही. व्हॉट्‌सॲपवरच्या नुसख्यात वेलीचे चित्र असते, किती दिवस घ्यायचे आणि कुणी घेऊ नये हे नसते. अडुळशाचेही तेच: त्याच्यातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सीन हे खोकल्याचे औषध घडवले गेले, पण गरोदर बाईला अडुळसा देऊ नये हे किती घरांत ठाऊक आहे?

फ्लॅटच्या खिडकीत काय लावावे, असे कुणी विचारलेच तर माझे उत्तर: तुळस, गवती चहा, मंडूकपर्णी (कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवून) आणि जमल्यास नागवेल. कुंडीला नाव लिहिलेली पट्टी खोचावी, रोप ओळखीच्या रोपवाटिकेतूनच घ्यावे. ओव्याच्या पानाची फांदी तेवढी शेजाऱ्याकडून मागून आणावी. ती कशीही खोचली तरी जगते, आणि पावसाळ्यात तिची भजी फार चांगली होतात.