फटीतून ओघळणारी राळ दाट कशी करावी

पाण्याच्या हौदाच्या भिंतीतून लोखंडी नळ जेथे बाहेर पडतो, तेथील सांध्यातून पाणी पाझरू लागले की पुष्कळ शेतकरी बंधू इपॉक्सी राळ भरतात. परंतु मधासारखी पातळ राळ भरून कारागीर घरी गेला की, मागाहून ती फटीतून खाली ओघळते आणि सांधा पोकळ राहतो. याचे कारण असे की, राळ व कठीणकारक द्रव एकत्र येताच उष्णता उत्पन्न होते. त्या उष्णतेने मिश्रण घट्ट होण्यापूर्वी काही काळ अधिकच पातळ होते. उन्हाळ्यात हा दोष वाढतो, म्हणून हे काम सकाळी करावे.

उपाय सोपा आहे. प्रथम दोन्ही द्रव डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मोजून नीट घोटावेत. हे प्रमाण कोठे सममात्र, तर कोठे पाचास एक असते. कठीणकारक जास्त घातल्याने राळ लवकर सुकते ही समजूत चुकीची आहे. तशी राळ कच्ची राहते. त्यानंतरच दाटपणासाठी भुकटी मिसळावी. अतिसूक्ष्म सिलिकाची भुकटी सर्वांत उत्तम. ती वजनाने शेकडा पाचच्या आसपास पुरते, मात्र फार हलकी असल्याने ढीग मोठा दिसतो. शंखजिरे किंवा लाकडाचा बारीक भुसाही चालतो. पण शंखजिऱ्याने राळ जड झाली तरी ओघळणे पुरते थांबत नाही. मिश्रण श्रीखंडासारखे व्हावे, थापी उभी धरली तरी खाली न घसरणारे. पूर्वी याकामी ॲस्बेस्टॉसची भुकटी वापरीत. तिने फुफ्फुसांचे असाध्य रोग होतात, तेव्हा जुन्या पत्र्यांचा चुरा हाताळूही नये.

जागा पूर्ण कोरडी करून नळ कानशीने खरवडावा. मागील बाजूस प्लास्टिकचा कागद लावावा. पॉलिथीनला राळ चिकटत नाही. आधी पातळ राळीचा हात कुंचल्याने द्यावा, ती ओली असतानाच दाट राळ दाबून भरावी. वाडग्यात मोठा गोळा ठेवू नये, तो तापून अवेळी घट्ट होतो. पसरट ताटलीत ठेवावा.

सिलिका मिसळताना नाकातोंडास फडके बांधणे पुरेसे नाही, धूळरोधक मुखवटा लावावा. हातमोजे घालावेत; कातडीस लागल्यास साबणाने धुवावे, थिनरने नव्हे. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्याच्या हौदासाठी त्या उपयोगास योग्य असा उल्लेख असलेलीच राळ घ्यावी. राळ एका दिवसात कडक होते. तरी पूर्ण बळ येण्यास सामान्यतः आठवडा लागतो, तोवर हौद भरू नये.