'मूळ रूप' म्हणजे नेमके कोणते?

आज आपण एकाच प्रश्नावर बोलणार आहोत. जुन्या मंदिराला 'मूळ रूप' द्यायचे, असे आपण सहज म्हणतो. पण ते मूळ कोणत्या सालातले?

पंढरपूरचे उदाहरण ताजे आहे. १५ मार्च २०२४ पासून विठ्ठलाचे पदस्पर्श दर्शन बंद ठेवले आणि २ जूनला ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली गाभाऱ्यात नंतर बसवलेल्या फरश्या काढल्या, भिंतींवरची चांदी उतरवली, आणि आतला काळा दगड पुन्हा दिसू लागला. हे करायलाच हवे होते. कारण बघा, दगडात ओल शिरते आणि बाहेरही पडते. त्यावर सिमेंट, टाइल्स किंवा ऑइल पेंट चढवला की ती आतच कोंडते. मग क्षार साचतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो.

पण इथेच गाडी घसरू शकते. नंतरचे ते सगळे काढायचे, असा नियम केला तर? पंढरीच्या मंदिराला दान देणाऱ्यांची नोंद असलेला चौऱ्याऐंशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातला आहे. नामदेवांनी समाधी घेतली ती परंपरेप्रमाणे १३५० मध्ये. म्हणजे नामदेव पायरीही 'नंतरची'च ठरते. ती काढा, असे कुणी वारकरी म्हणेल का?

आपल्या भंडारा जिल्ह्यातच बघा ना. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. टेकडीला नाव जगन्नाथाचे, पोटात मात्र बौद्ध स्तूप! तोही एका झटक्यात बांधलेला नाही. पुढे तो वाढवला गेला, भोवती कोरीव दगडी कठडा आला, त्यावर दान देणाऱ्यांची नावे आली. सर्वांत जुने तेवढेच खरे मानले, तर ही नावे आपल्या हातून जातील.

१९६४ च्या व्हेनिस सनदेतही हाच विचार आहे. वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली मोलाची भर जपावी, आणि पुरावा संपून अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा.

आता आमचीच गोष्ट सांगतो. तरुणपणी आम्ही काही जणांनी वर्गणी गोळा करून गावच्या मंदिराच्या भिंतींना चकचकीत टाइल्स लावल्या. भाव चांगला होता, सगळ्यांनी कौतुकही केले. काही वर्षांनी एक टाइल निखळली, तेव्हा तिच्यामागचे कोरीवकाम पिठासारखे हाताला लागले. ते आता कोणताही कारागीर परत आणू शकणार नाही.

म्हणून आपल्या गावात मंदिराची बैठक बसेल तेव्हा तीन गोष्टी विचारू या. हा थर दगडाला इजा करतो का? जुने काही झाकतो का? आणि लोकांची आठवण, त्यांची उपासना त्यात गुंतली आहे का? पहिल्या दोन्हींचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'नाही' आले, तर जाणकाराच्या देखरेखीत तो थर काढावा. शंका असेल तर फोटो काढावेत, मोजमाप लिहून ठेवावे आणि थांबावे. थांबल्याने मंदिराचे काही बिघडत नाही. घाईने मात्र बिघडते, आणि ते आम्ही स्वतः करून बसलो आहोत.