स्थलांतरितांचे हक्क आणि गावातील तरुणांचे कार्य

दसरा सरला आणि दिवाळी जवळ आली की राज्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अनेक गावे ओस पडू लागतात. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी या जिल्ह्यांतील लाखो कष्टकरी बायकामुले, जनावरे आणि भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि थेट कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. तेथे उघड्या माळावर कोप्या उभारल्या जातात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, तेच त्यांचे गाव असते. या पाच-सहा महिन्यांत ही माणसे दोन ठिकाणची असूनही त्यांचा ठावठिकाणा कोठल्याही दप्तरात सापडत नाही. गावच्या शाळेच्या पटावर मुलाचे नाव असते, पण मूल नसते. कारखान्याच्या तळावर मूल असते, पण तेथल्या पटावर त्याचे नाव नसते.

स्थलांतर हा काही गुन्हा नव्हे. देशात कोठेही मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशांतर्गत स्थलांतरितांची संख्या ४५ कोटींहून अधिक होती. त्यांत विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे, हे खरे. परंतु पोटासाठी काही महिने घर सोडून पुन्हा परतणारा हंगामी मजूर अशा गणनेत नीट सापडत नाही, हेही तितकेच खरे. त्याची नोंद ठेवण्यास सर्वांत योग्य जागा त्याचे स्वतःचे गाव होय, आणि हे काम हाती घेण्यास सर्वांत योग्य घटक म्हणजे त्या गावातील तरुण होत.

जगाने मान्य केलेली दोन तत्त्वे

विकास आणि स्थलांतर यांचा संबंध आता जागतिक पातळीवर मान्य झाला आहे. १९९२ साली रिओ दी जानेरो येथे भरलेल्या वसुंधरा परिषदेने शाश्वत विकासाच्या कार्यात ज्या नऊ समाजघटकांना प्रमुख सहभागी मानले, त्यांत मुले व युवक यांचा समावेश होता. सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २०३० पर्यंत गाठावयाची १७ उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतील आठव्या उद्दिष्टात स्थलांतरित कामगारांच्या, विशेषतः स्त्री कामगारांच्या, हक्कांचे रक्षण सांगितले आहे, तर दहाव्या उद्दिष्टात सुरक्षित व सुव्यवस्थित स्थलांतराचा उल्लेख आहे.

पुढे डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे स्थलांतरविषयक जागतिक करार स्वीकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याला त्याच महिन्यात संमती दिली आणि भारताने त्याच्या बाजूने मत नोंदविले. हा करार कायदेशीर बंधन घालणारा नाही आणि तो एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसंबंधी आहे. तथापि त्याच्या २३ उद्दिष्टांपैकी पहिली दोन बीडच्या ऊसतोड कामगारालाही तंतोतंत लागू पडतात. स्थलांतरासंबंधी अचूक माहिती गोळा करावी, हे पहिले उद्दिष्ट. माणसाला नाइलाजाने घर सोडावयास लावणारी कारणे कमी करावीत, हे दुसरे. जाणाऱ्याला संरक्षण आणि राहू इच्छिणाऱ्याला गावातच आधार, अशी ही दुहेरी भूमिका आहे. युवकांच्या संघटनांनी ज्या मागण्यांचा पाठपुरावा करावयाचा, त्याही याच दोन तत्त्वांवर आधारलेल्या असाव्यात.

कायद्याचे छत्र आणि त्यातील उणीव

स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसंबंधीचा अधिनियम केला. पुढे तो व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती यासंबंधीच्या २०२० च्या संहितेत विलीन करण्यात आला, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराबरोबरच स्वतःहून परराज्यात आलेल्या कामगारालाही ही संहिता विचारात घेते. प्रवासभत्ता, शिधावाटपाचा लाभ कामाच्या ठिकाणी मिळण्याची सोय, मदतीसाठी निःशुल्क दूरध्वनी सेवा अशा तरतुदी तीत आहेत. दहा किंवा अधिक आंतरराज्य स्थलांतरित कामगार असलेल्या आस्थापनांना त्या लागू होतात.

मात्र ‘आंतरराज्य’ या शब्दातच महाराष्ट्राची अडचण दडलेली आहे. बीडचा कामगार सीमा ओलांडून कर्नाटकात गेला तर या तरतुदींचा आधार मागता येतो. तोच कामगार तितकाच प्रवास करून कोल्हापूरला गेला तर तो राज्याच्या आतच राहतो आणि त्या छत्राबाहेर पडतो. म्हणूनच राज्यांतर्गत स्थलांतरितांसाठी राज्याच्या स्वतःच्या व्यवस्थांना विशेष महत्त्व आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ ही त्यांतील एक प्रमुख व्यवस्था होय. २०२१ साली शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ऊसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी एक व मुलींसाठी एक, अशा ८२ वसतिगृहांची ती योजना आहे.

शिक्षणाच्या बाबतीत कायदा अधिक स्पष्ट आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या नवव्या कलमात, स्थलांतरित कुटुंबांतील बालकांचा शाळाप्रवेश सुनिश्चित करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असेही हाच कायदा सांगतो. याकरिताच स्थलांतरित बालकांना शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे. पालक गेले तरी मूल गावीच राहून शिकावे, यासाठी हंगामी वसतिगृहेही चालविली जातात. परंतु पत्रक कोणाला द्यावयाचे आणि वसतिगृहात किती जागा लागणार, हे बैलगाडी वा ट्रक गावाबाहेर पडण्यापूर्वीच ठाऊक असेल तरच या सोयींचा उपयोग होतो.

नोंद नसली की काय घडते

नोंदीचे महत्त्व २०२० साली साऱ्या देशाला कळून चुकले. त्या वर्षी २५ मार्चपासून टाळेबंदी लागू झाली आणि शहरांत अडकलेले मजूर पायी गावाकडे निघाले. स्वगृही परतलेल्या स्थलांतरितांची संख्या सुमारे १ कोटी ४ लाख असल्याचे केंद्र शासनाने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितले. इतकी माणसे आपल्या गावांबाहेर राबत आहेत, याची एकत्रित नोंद त्यापूर्वी कोठेही नव्हती.

याच काळात तरुणांच्या कार्याचे एक उदाहरण पुढे आले. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात संशोधक, विद्यार्थी व कार्यकर्ते एकत्र येऊन ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ हा स्वयंसेवी गट तयार झाला. अडकलेल्या मजुरांचे दूरध्वनी घेणे, त्यांच्यापर्यंत शिधा वा थोडी रक्कम पोहोचविणे आणि प्रत्येक संभाषणाची पद्धतशीर नोंद करणे, असे त्यांचे काम होते. एप्रिल २०२० मधील त्यांच्या पहिल्या अहवालास अकरा हजारांवर कामगारांच्या माहितीचा आधार होता. त्यांतील ९६ टक्के कामगारांना तोवर शासकीय शिधा मिळालेला नव्हता, असे त्यात दिसून आले. मदत आणि नोंद ही दोन्ही कामे एकाच हाताने झाल्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन प्राप्त झाले.

पुढे जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंघटित कामगारांची नोंदणी करण्याचे आणि ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही योजना सर्व राज्यांत लागू करण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली. शिधापत्रिकेची सोय जून २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. कुटुंबातील काही माणसे गावी आणि काही कामाच्या ठिकाणी असली तरी दोन्हीकडे धान्याची उचल करता येते, ही गोष्ट आजही अनेक तोडणी कामगारांना माहीत नाही.

‘कोयत्या’तील स्त्री

ऊसतोडीच्या व्यवहारात पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते, ती जोडीच्या नावावर. आणि पुढील सारे महिने ती फेडण्यात जातात. न फिटलेली बाकी पुढील हंगामाच्या मानगुटीवर बसते. स्त्री पहाटेपासून राबते, परंतु तिची मजुरी तिच्या नावाने वेगळी मांडली जात नाही. आजारपणामुळे काम बुडाले तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात.

याचे परिणाम तिच्या शरीरावर दिसून येतात. बीड जिल्ह्यातील गर्भाशय शस्त्रक्रियांच्या तक्रारींनंतर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मोजणी झाल्यामुळेच या प्रश्नाला वाचा फुटली. गरोदर स्त्रिया व लहान बालके यांना नव्या ठिकाणी अंगणवाडीची सेवा मिळावी, यासाठी राज्यात ‘महा-एमटीएस’ ही मागोवा घेणारी प्रणालीही आता आहे. तिचा आरंभही गावातील नोंदीपासूनच होतो.

न जाण्याचा हक्क

जाणाऱ्याच्या हक्कांइतकाच, जावे न लागण्याचा हक्कही महत्त्वाचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. दुष्काळाने गांजलेल्या या गावातील माणसे कामासाठी पुण्या-मुंबईकडे जात असत. १९८९ च्या सुमारास गावातील तरुणांनी उच्चशिक्षित पोपटराव पवार यांना सरपंच होण्याचा आग्रह केला आणि गावाच्या कारभाराची दिशा बदलली. श्रमदान, डोंगरउतारावरील समपातळी चर, वृक्षतोडीस आणि मोकाट चराईस बंदी ही कामे ग्रामसभेच्या निर्णयाने झाली. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी घालण्यात आली, आणि उसासारखी फार पाणी पिणारी पिके गावाने टाळली. दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त रुजली. पाणी टिकले तसे काम टिकले, आणि गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परत आली.

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमामागेही हाच विचार होता. हा अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि मागेल त्याला काम हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ते तत्त्व देशभर नेले. हाताला काम देताना त्याच कामातून जमिनीत पाणी मुरेल, तेव्हा स्थलांतराचे मूळ कारणच हळूहळू दूर होऊ लागते.

तरुणांनी, शिक्षकांनी, पंचायतीने काय करावे

या साऱ्याचा विचार करता गावपातळीवर काही कामे सहज हाती घेता येण्यासारखी आहेत. युवक मंडळाने किंवा महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने दसऱ्यापूर्वी घरोघरी जाऊन स्थलांतर नोंदवही तयार करावी. कुटुंबातील माणसे, मुलांची इयत्ता, गरोदर स्त्रिया, शिधापत्रिकेची व ई-श्रम नोंदणीची स्थिती, मुकादम, कारखाना आणि संपर्काचा क्रमांक एवढी माहिती पुरेशी आहे. ग्रामपंचायतीने ग्रामसभेत स्थलांतरितांची एकूण संख्या व त्यांच्या गरजा मांडून हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करावी. मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी पत्रक मुलाच्या हाती देऊन थांबू नये. कारखान्याच्या परिसरातील शाळेशी संपर्क साधून मूल तेथे पोहोचले की नाही, याची विचारपूस करावी. हंगाम संपल्यावर परतलेल्या मुलांचा राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी सुशिक्षित तरुणांनी रोज दोन तास दिले, तर वर्ष वाया जाणार नाही.

दोन गोष्टींची दक्षता मात्र घ्यावयास हवी. नोंदवहीतील उचलीची वा आजाराची खासगी माहिती गावभर होता कामा नये. ती मुकादमाच्या हाती लागली तर ज्यांच्या रक्षणासाठी नोंद केली, त्यांच्यावरच ती उलटेल. तसेच, गावात नाही म्हणून कोणाचे नाव लाभार्थ्यांच्या यादीतून गाळण्यासाठी तिचा वापर होऊ नये. उचलीपायी कोणास डांबून ठेवल्याचे किंवा मारहाण झाल्याचे कळले, तर तरुणांनी स्वतः न्यायनिवाडा करू नये. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन अधिनियमाने याबाबतचे अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिले असून जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद केली आहे. तक्रार तेथे लेखी पोहोचविणे आणि तिचा पाठपुरावा करणे, हे तरुणांचे काम आहे.

नोंदवहीसाठी फारसा खर्च लागत नाही. एक वही, चार-पाच तरुण आणि त्यांच्या पाठीशी उभी राहणारी ग्रामसभा एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. यंदा किती कुटुंबे गेली आणि गेल्या वर्षापेक्षा ती कमी की अधिक, हा आकडा दरवर्षी ग्रामसभेपुढे येऊ लागला, म्हणजे जलसंधारणाची कामे कोठे व किती हवीत याचेही उत्तर मिळू लागेल. ज्या गावाला आपली माणसे कोठे आहेत हे ठाऊक असते, त्या गावाच्या मागणीकडे दुर्लक्ष करणे कोणालाही कठीण जाते.