चमचाभर पिठाची करामत

नाचणीची लापशी घट्ट झाली, की घरोघरी तिच्यात पाणी ओतलं जातं. त्याऐवजी ती कोमट असताना मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ मिसळून पाहा. ढवळता ढवळता काही मिनिटांत लापशी सैल होते, किंचित गोडही लागते.

हे काम अमायलेज या विकराचं. दाणा रुजताना कोंबाला साखर हवी असते, म्हणून दाणा हे विकर तयार करतो. स्टार्चच्या लांब साखळीचा दुवा विकराच्या खाचेत बसतो आणि तुटतो. विकर मात्र जसंच्या तसं राहून पुढच्या दुव्याकडे वळतं. म्हणूनच चमचाभर पीठ पुरतं. पायेन आणि पेरसो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी 1833 मध्ये मोड आलेल्या जवातून हे विकर वेगळं काढलं.

उकळत्या लापशीत हा प्रयोग फसतो, कारण विकर हे प्रथिन. उकळलं की त्याचा आकार बिघडतो. तेव्हा पीठ मिसळून लापशी सैल होऊ द्यावी, मग पुन्हा उकळावी. लहान बाळाच्या इवल्याशा पोटासाठी ही युक्ती फार मोलाची: लापशी पातळच राहते, पण प्रत्येक घासात पीठ जास्त जातं. कपडे धुण्याच्या अनेक पावडरींतही अमायलेज असतं, वरणभाताच्या डागांसाठी.